वाढवणे

मोरकॅम्ब. ओहोटी लागलेली.
ऑफिसच्या खिडकीतून समुद्र दिसत नाही,
दिसतो मैलभर चिखल आणि त्यात कुठेकुठे
काळे-पांढरे, गाजरी चोचीचे पक्षी.
इथे त्यांना ऑयस्टरकॅचर म्हणतात.
मी मनातल्या मनात कालवफोडे म्हणते.

नॉर्मन थ्रेलफॉल, निवृत्त बस ड्रायव्हर,
एकतीस हिवाळे ते मोजत आलाय,
महिन्यातून एकदा, ऐन भरतीला,
पक्षी काठाशी गोळा होतात तेव्हा.
आज त्याची पेन्सिलीची वही माझ्या टेबलावर,
आणि तो शेजारी, टोपी गुडघ्यावर धरून,
दवाखान्यात नंबराची वाट बघत बसावं तसा.

मी आज्ञा लिहिते. एंटर.
उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीत रेघ उमटते,
एकतीस हिवाळे, अर्धा सेकंद.
नॉर्मन चष्मा पुसतो, पुढे झुकतो.
"एवढंच?"
मग बऱ्याच वेळाने, बोट काचेला न लावता,
"हे मधलं सरळसरळ. हे कुणी मोजलं?"
मी म्हणते, बघते.
बघत नाही. प्रिंट काढायची घाई.

त्याला आलेख घरी भिंतीवर लावायचाय.
म्हणून फाइल उघडते: रुंदी सात इंच,
उंची पाच, इंचाला तीनशे ठिपके.
आज्ञा तीच. या वेळी पडद्यावर काहीच येत नाही,
आणि फाइल बघते तर पांढरी.
नाव बदलते, थ्रेलफॉल_अंतिम. पांढरी.
थ्रेलफॉल_अंतिम_दोन. तीही.

"धुकं," नॉर्मन म्हणतो.
"धुक्यात मी शून्य नाही लिहायचो.
नव्हते वेगळं, दिसले नाहीत वेगळं."

वही उघडते. खरंच, काही महिन्यांपुढे
आकडा नाही, नुसती आडवी रेघ.
एका हिवाळ्यात सलग चार.
"इथेही धुकं?"
"नाही. तेव्हा आयरीन."
टोपी या गुडघ्यावरून त्या गुडघ्यावर.

तुटलेली टोकं सांधणारी ओळ
सकाळी मीच लिहिली होती. नीट दिसावं म्हणून.
पुसून टाकते.

आणि मग आठवतं, फाइल मी उघडली, मिटली नाही.
तोवर ती कागद हातचा सोडत नाही,
अजून एखादी रेघ येईल, एखादं शीर्षक,
म्हणून थांबून राहते बिचारी.
मिटायची आज्ञा छोटी आहे: डेव्ह डॉट ऑफ,
पुढे दोन कंस, मध्ये काही नाही,
रिकाम्या ओंजळीसारखे.

कराडला वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान.
रात्री फळ्या लावताना 'बंद केलं' असं
ते कधी म्हणाले नाहीत. 'वाढवलं' म्हणायचे.
मला वाटायचं, दुकान रोज रात्री
थोडं थोडं मोठं होतं,
एक दिवस पार सोमवार पेठेपर्यंत जाईल.

तीन फाइली उघड्या, तीनदा वाढवते.
तिन्हींत तीच खोटी सरळ रेघ. टाकून देते.
चौथी उघडते, काढते,
"वाढव," पुटपुटते, आणि शून्याची
एकशे चौऱ्याऐंशी केबी होते.
वाढली की.

प्रिंटरमधून कागद कोमट निघतो.
रेघ चालत येते, एका जागी थांबते,
चार महिन्यांची पांढरी जागा सोडून
पुन्हा चालू लागते, जरा खालून.
नॉर्मन तिथे बघत राहतो. मान हलवतो.
कोट घालतो, कागद आत, छातीशी सपाट.

दारातून वळतो.
"पुढच्या महिन्यासाठी उजवीकडे
जागा ठेवलीयस ना?"

ठेवली नव्हती.
तो कोट काढतो, परत बसतो.